बेगमीचे दिवस

आमच्या आया-काकवांनी पहुरात संसार केला तो साधारण साठ ते नव्वदच्या दरम्यान. त्या काळात शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा वर्षातून एकदाच नजरेला पडायचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापसाची पहिली वेचणी व्हायची, संक्रांतीनंतर शेवटची. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. त्याआधी गाड्या व्यापाऱ्याच्या जिनात जायच्या, नंतर सरकारी खरेदी केंद्रासमोर त्यांची रांग लागू लागली. चुकारा हाती आला की आधी विकास सोसायटीचं पीककर्ज फेडायचं, मग किराणा दुकानाची उधारी, मग सालदाराचे पैसे. उरेल त्यात लग्नकार्य, दवाखाना, पोरांची वह्या-पुस्तकं आणि पुढच्या हंगामाचं बियाणं. स्वयंपाकघराच्या वाट्याला आलेले पैसे दोन-तीन महिन्यांत संपायचे. चूल मात्र बारा महिने पेटायची. मधली फट या बायकांनी उन्हाळ्यातल्या कामानं भरून काढली.

आम्ही त्यांची मुलं आता पुण्या-नाशकात, मुंबईत, सुरतेत पांगलो आहोत. लग्नात, उत्तरकार्यात भेटलो की बोलणं फिरून त्या उन्हाळ्यांवर येतं. कोणी बिबड्यांची आठवण काढतं, कोणी पापडाच्या लाट्यांची. खाण्याच्या आठवणी सगळ्यांच्याच गोड असतात. त्या खाण्यामागे केवढं नियोजन होतं आणि किती कष्ट होते, हे आमच्या ध्यानात यायला आमचे स्वतःचे संसार व्हावे लागले.

पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, जामनेर तालुक्यातलं गाव. पेठ आणि कसबे अशा त्याच्या दोन ग्रामपंचायती. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्यानं येणारी वाघूर नदी गावाजवळून पुढे तापीकडे जाते. जमीन काळी, कापसाची. उन्हाळा असा की मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वर्तमानपत्रांत रोज त्याचा आकडा छापून येतो. दुपारी अकरा ते चार गावात चिटपाखरू दिसत नाही. या उन्हाला लोक शिव्या देत, पण घरातल्या बायका त्याची वाट पाहत. होळी झाली की बाजा बाहेर काढायच्या, त्यांच्या ढिल्या दोऱ्या आवळायच्या, धुतलेली धोतरं आणि जुनी लुगडी काढून ठेवायची. धाब्याच्या घरांची सपाट छपरं शेणानं सारवून घ्यायची. हे ऊन त्यांच्या कामाचं होतं, कारण वाळलेल्या वस्तूला बुरशी धरत नाही. बुरशीला पाणी लागतं, ते खान्देशच्या कोरड्या उन्हानं दोन दिवसांत ओढून घेतलेलं असायचं. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बिबडी मोडली की टचकन आवाज यायला हवा, एवढी एक खूण त्यांना पुरे होती. आवाज आला नाही तर आणखी एक ऊन द्यायचं.

पहिला मान बिबड्यांचा. ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास सुटायचा आणि सगळं घर त्या वासानं भरून जायचं. मग ती उपसून, फडक्यावर पसरून कोरडी करायची आणि दळून आणायची. चाळणीत कण्या वेगळ्या, पीठ वेगळं. पहाटे चारला चुलीवर मोठं पातेलं चढायचं. आधणात मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, तीळ, चवीपुरतं तिखट. आधी कण्या वैरायच्या, त्या शिजत आल्या की पीठ. लाकडी दांड्यानं हाटायला दोन बायका लागत, कारण पीठ शिजत आलं की दांडा हलता हलत नाही. गाठ राहिली की बिबडी वाळताना तिथंच तडकते. म्हणून हाटण्याचं काम नेहमी जाणत्या हाताकडे असे, नवी सून पाणी घालायला.

शिजलेल्या पिठाला आमच्याकडे घाटा म्हणतात. त्या दिवशी घरात दुसरा स्वयंपाक नसायचा. थापायला आलेल्या सगळ्या बायका आणि सगळी पोरं घाटाच खायची. ताटलीत गरम घाटा, मधे खळगा करून त्यात घाण्यावरचं कच्चं शेंगदाण्याचं तेल. आठ-दहा माणसांची न्याहारी त्याच पातेल्यातून निघायची, त्यासाठी वेगळं सरपण लागायचं नाही की वेगळी भाजी. वाळवणाच्या प्रत्येक दिवशी जेवण असं कामातूनच निघावं अशी योजना असे. कुरडयांच्या दिवशी चीक, पापडांच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या. आम्हाला ती मेजवानी वाटायची, आणि होतीही.

ओल्या फडक्यावर गोळा ठेवायचा, पाण्याच्या हातानं थापायचा, फडकं धोतरावर उलटं टाकायचं आणि अलगद सोलून घ्यायचं. सूर्य वर येण्याआधी शेवटची बिबडी पडली पाहिजे, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची बाजू सुकते आणि दुसऱ्या दिवशी उलटता येते. दुपारी राखणीचं काम आम्हा पोरांचं. "कावळ्याकडे पाह्यजो" एवढं सांगून बाया घरात पडायच्या. आम्ही लिंबाच्या सावलीत काठी घेऊन बसायचो आणि अर्ध्या ओल्या बिबडीच्या कडा मोडून खायचो. ते सगळ्यांना ठाऊक होतं. थापतानाच चार बिबड्या पोरांसाठी जास्तीच्या घातलेल्या असत.

बिबडी तळलीच पाहिजे असं नाही. जेवणं झाल्यावर चुलीतल्या उरल्या निखाऱ्यांवर ती भाजायची, वर तेलाचा हात फिरवायचा, सोबत कांदा आणि शेंगदाणे. तेलाचा डबा महिना अखेरपर्यंत पुरवायचा तर तळण सणावारालाच, हा बहुतेक घरांचा नेम होता.

कुरडयांचं काम बिबड्यांपेक्षा नाजूक आणि त्यात वाया जाणाऱ्या वस्तू जास्त, म्हणून त्यात त्यांचा हिशेबही जास्त दिसतो. गहू तीन दिवस भिजवून वाटायचे, पाण्यात कालवून फडक्यातून चीक गाळायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वर आलेलं आंबूस पाणी म्हशीच्या घमेल्यात. खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवून, गरम असतानाच साच्यातून कुरडया. फडक्यात राहिलेल्या चोथ्यात तिखट, मीठ, लसूण घालून त्याच्या भुसवड्या बाजेच्या कडेला घातल्या जायच्या. कुरडया सणाला आणि पाहुण्यांना, भुसवड्या घरच्यांना. पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी मूठभर भुसवड्या तळून भाकरीबरोबर पुरायच्या. गव्हाच्या दाण्यातलं काहीच उकिरड्यावर जात नव्हतं.

शेवयांना हातयंत्र लागायचं. ते बाजेच्या माचव्याला घट्ट आवळायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं पीठ सारायचं, तिसरीनं लांब शेवया काडीवर झेलून वाळत टाकायच्या. यंत्र गल्लीत एखाद-दुसरंच. ते या घरातून त्या घरात फिरायचं आणि त्याच्यामागे बायकाही. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा पलीकडच्या आळीत. कोणाकडे किती दिवस कोण आलं याची नोंद कागदावर नव्हती, पण प्रत्येकीच्या डोक्यात होती. ज्या घरी बाळंतीण आहे किंवा म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, तिथलं काम बाकीच्यांनी उरकून द्यायचं आणि त्याची परतफेड मोजायची नाही, हाही अलिखित नियम होता. मजुरी देऊन हे काम करून घ्यायचं ठरवलं असतं तर एकाही घराला परवडलं नसतं. माझ्या मते त्या पिढीची खरी बचत इथं होती. वस्तू स्वस्तात घेतल्याचा वाटा त्यात आहेच, पण एकमेकींच्या हातांचा त्याहून मोठा.

अखाजीची वेळही या कामात चपखल बसलेली होती. अक्षय तृतीया हा खान्देशात सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, लिंबाला झोके बांधले जातात, घागर भरून पितरांना आमरसाचा नैवेद्य होतो. जुन्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नव्याचं सुरू होतं. लेकी झोके खेळत हे खरं, पण पहाटे त्या पापडांना बसलेल्या असत. उडदाचं पीठ पापडखार घालून घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून मुसळानं कुटायचं, मग दोऱ्यानं लाट्या पाडायच्या. आईच्या घरी चार हात जास्त मिळायचे आणि परत जाताना लेकीच्या सोबत पत्र्याचा डबा जायचा. तो डबाही पंधरा किलो तेलाचा, रिकामा झाल्यावर तोंड कापून, झाकण आणि कडी बसवून घेतलेला. मुंबई-नाशकाला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांचे डबे पीजेनं पाचोऱ्यापर्यंत जायचे आणि तिथून मोठ्या गाडीनं पुढे. पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी. पहूर, शेंदुर्णी, वरखेडीची माणसं आणि भाजीची टोपली तिनं शंभर वर्षं वाहिली. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली.

एक गोष्ट इथंच लिहिली पाहिजे. हे दिवस शाळेच्या वार्षिक परीक्षेचे असायचे. पहाटे चीक हाटायला मुलीला उठवलं जायचं, मुलाला नाही. तिला अभ्यासाला वेळ कमी मिळाला आणि त्यावर त्या वेळी कोणी बोललं नाही. त्या मुलींपैकी काही आज आजी आहेत आणि आम्ही सगळे जमून उन्हाळ्याच्या गोड आठवणी काढतो तेव्हा त्या गप्प बसतात.

वाळवण म्हटलं की पापड-कुरडया डोळ्यांपुढे येतात, पण घर चालवायचं काम खरं तर वाळवलेल्या भाज्यांनी केलं. पौष-माघात बाजारात वांगी, मेथी मातीमोल असायची. टोपली उचलायचे पैसे निघत नाहीत म्हणून भाजीवाला संध्याकाळी उरलेला माल देऊन टाकायचा. त्या बाजारातून बायका दिवेलागणीला पाट्या भरून आणत. गवारीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन वाळवायच्या, म्हणजे रंगही राहतो आणि पुढे लवकर शिजतात. वांग्याच्या फोडी, कारल्याच्या काचऱ्या उन्हात. मेथी मात्र सावलीत, कारण उन्हात ती पिवळी पडते आणि वास जातो. हरभऱ्याची भाजी तर फुकटचीच. झाड हातभर वाढण्याआधी शेंडे खुडले की त्याला फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात. म्हणजे खुडणं शेताच्या फायद्याचं आणि खुडलेला पाला घराच्या. तो वाळवून, चुरून डब्यात भरला की आषाढात डाळीत किंवा बेसनात घालून भाकरीबरोबर खायला तयार.

श्रावणात भाज्या महाग व्हायच्या, रस्त्यावर चिखल, बाजारात चार कुजके दोडके. त्या दिवसांत हे डबे एकेक करून उघडायचे. काहीच नसलं तर शेवभाजी होतीच. खोबरं-कांदा भाजून, काळा मसाला घालून झणझणीत रस्सा करायचा आणि वाढताना जाड तिखट शेव वर सोडायची. आज महामार्गावरच्या ढाब्यांनी तिला नावारूपाला आणलं. घरांत ती भाजीवाचून अडलेल्या दिवसाची होती. रात्री बहुतेक घरांत खिचडीच. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, वर कच्च्या तेलाची धार, सोबत भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड. एका पातेल्यात सगळं घर जेवायचं, सरपण वाचायचं, आणि शेतातून दमून आलेल्या बाईला भाकरी थापत बसावं लागत नसे. खिचडी एवढी रुळण्यामागे हेच मोठं कारण असावं असं मला वाटतं.

सरपण म्हणजे पऱ्हाटी. कापूस निघाला की वाळलेली झाडं उपटून, मोळ्या बांधून अंगणात गंजी लावायची. तिच्यावर भाकरी, तिच्यावरच भरिताची वांगी. काडीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास येतो तो गॅसवर येत नाही, हे खान्देशातलं कुणीही सांगेल. आता गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत तग धरते म्हणून ती साठवू नका असं कृषी विभाग सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी पावसाळाभराचं इंधन तेच होतं. रॉकेल रेशनवर मोजून मिळायचं, ते कंदिलासाठी आणि अडीअडचणीला स्टोव्हसाठी.

धान्याचा विषय निघाला की आमच्यातल्या मोठ्यांना 1972 आठवतो. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली आणि मुलांना सुकडी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. ज्या बायकांनी ते वर्ष काढलं त्यांनी पुढे आयुष्यभर घरात एका सालाची दादर जास्त ठेवली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची पांढरी ज्वारी. हायब्रीड ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-1, 1964 साली आलं आणि पुढे घरोघरी पोत्यांची संख्या वाढली, पण पावसात सापडली तर ती काळी पडायची आणि चवीला दादरीच्या जवळ जायची नाही. म्हणून हायब्रीड बिबड्यांना, मजुरांच्या भाकरीला आणि विकायला. दादर घरच्या भाकरीला आणि पाहुण्यांना. हा भेद मला कधी पटला नाही, पण तो होता.

कोठी भरण्याआधी धान्याला दोन कडक उन्हं द्यायची, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांत घालायचा. डाळींना एरंडेल चोळायचं. तेलाचा पातळ थर दाण्यावर बसला की किड्याला अंडी घालता येत नाहीत. घरच्याच उडदाची, मुगाची, तुरीची डाळ जात्यावर भरडली जायची. भरडताना पडलेली चुरी आणि सालं ज्वारीत मिसळून, खडे मीठ टाकून दळून आणायची, त्याची कळण्याची भाकरी. पुढे ऐपत आली तेव्हा लोक मुद्दाम सगळे उडीद घालून कळणा करू लागले. आज हॉटेलांत कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत यांचं ताट मोठ्या किमतीला मिळतं. मुळात ती डाळीचा चुराही टाकायचा नाही, यातून आलेली आहे. ज्वारीतल्या प्रथिनांत जे कमी असतं ते उडीद भरून काढतो, त्यामुळे दिवसभर शेतात राबणाऱ्या अंगाला ती आधार द्यायची.

शहरात त्याच सुमाराला स्वयंपाकाची पुस्तकं घराघरांत पोचत होती. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलींना वाटी-चमच्याचं माप मिळालं. आमच्या गल्लीत माप पायलीचं होतं, कारण स्वयंपाक एका जेवणाचा नसून वर्षाचा होता. किती पायली ज्वारीला किती लसूण, हे सासूकडून सुनेकडे यायचं आणि सून ते हाटता हाटता शिकायची.

रोख पैशाची बचत हा या बायकांचा दुसरा, गुपचूप चाललेला उद्योग. म्हशीचं दूध डेअरीला जायचं, त्याचा हिशेब घरधन्याकडे. पण अंडी, शेवग्याच्या शेंगा, अंगणातल्या लिंबांची चार पैशांची विक्री बाईच्या हातात राहायची. ते पैसे तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या टाक्यांत, देव्हाऱ्यामागे. पुढे पोस्टाची आवर्ती ठेव आली. 1972 पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली बायकाच एजंट म्हणून नेमल्या जाऊ लागल्या. एजंट बाई दारात येऊन दहा-वीस रुपये घेऊन जायच्या, कार्डावर सही करायच्या. पोस्टात पुरुषांच्या रांगेत उभं राहायला लागत नाही, हे त्या योजनेचं आमच्या आयांना कळलेलं मोठेपण. पाच वर्षांनी रक्कम हाती आली की जळगावच्या सराफ बाजारात जाऊन एखादा डाग. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला, विहिरीच्या मोटारीला हेच डाग मोडले गेले. ते किती घरांत मोडले गेले ते आम्हाला नंतर, बायकांच्याच बोलण्यातून कळलं.

नव्वदीनंतर जास्त व्याजाच्या ओढीनं काहींनी पोस्टातले पैसे काढून पतपेढ्यांत ठेवले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी पतपेढ्या अडचणीत आल्या. ठेवीच्या पावत्या पिशवीत घालून म्हाताऱ्या बायका चकरा मारत राहिल्या. अंड्या-शेंगांतून साठवलेला तो पैसा होता. ज्यांनी तो बुडवला त्यांना त्यामागचे उन्हाळे दिसलेच नसतील, आणि या गोष्टीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

फ्रीज गावात ठळकपणे दिसू लागला तो नव्वदच्या दशकात. पहिली काही वर्षं त्यात पाण्याच्या बाटल्या आणि विरजण एवढंच. मग पुण्या-मुंबईच्या सुना आल्या, त्यांनी हिवाळ्यात मटार सोलून ठेवायची पद्धत आणली. उकळत्या पाण्यात मटार दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, निथळून कोरडे, पिशवीत पातळ थरात भरून बर्फाच्या कप्प्यात. उकळीमुळे दाण्यातली पिकण्याची क्रिया थांबते, म्हणून रंग आणि गोडी टिकते. त्यांच्या सासवांनी हे पाहिलं आणि लगेच ओळखलं, कारण गवारीच्या शेंगांना त्या हेच करत होत्या. उरलेला आमरस, किसलेलं खोबरं, चिंचेचा कोळ, आलं-लसूण वाटून घेतलेल्या वड्या, असं एकेक त्या कप्प्यात जाऊ लागलं.

मग भारनियमन आलं. दोन हजारनंतरच्या दशकात खेड्यांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. कप्प्यातला रस दुपारी पातळ व्हायचा, रात्री पुन्हा गोठायचा. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, आणि वितळलं की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून ठेवणं धोक्याचं. हे कळल्यावर बायकांनी सरळ वाटणी केली. जे उन्हात टिकतं ते उन्हात, आणि फ्रीजमध्ये फक्त दोन-चार दिवसांत संपेल ते. वीज सुधारली तरी कितीतरी घरांत हीच वाटणी आजही चालू आहे. मला ती शहाणपणाची वाटते. पुण्यात आम्हीही मटार आणि रस गोठवतो, पण मेथी, गवार, हरभऱ्याचा पाला गच्चीत वाळवतो. वाळवलेली गवार वर्षभर साध्या डब्यात राहते, तिला विजेचं बिल येत नाही आणि तिची खमंग चव ताज्या शेंगेला नसते. गोठवलेली मेथी मात्र वितळली की लगदा होते. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी खिडकीतल्या उन्हात ताटावर सुती कापड घालून चार दिवस गवार ठेवली तरी वाळते. संध्याकाळी आत घ्यायची आणि डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायची, नाहीतर डब्याला आतून घाम सुटतो आणि सगळं फुकट जातं.

फ्रीजबरोबर एक गोष्ट गेली. मटार सोलणारी एकटी सोलते, दूरदर्शनच्या मालिकेसमोर. शेवयांचं यंत्र फिरायचं थांबलं, कारण शेवया पाकिटात मिळू लागल्या. काम हलकं झालं याचा मला आनंदच आहे. आमच्या आयांच्या पाठी आणि गुडघे त्या पातेल्यांनी घेतले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण जिच्या घरी अडचण आहे तिचं काम गल्लीनं उचलायचं, ही जी व्यवस्था त्या कामाभोवती उभी राहिली होती, तिची जागा दुसऱ्या कशानं घेतली नाही.

जळगावच्या जैन इरिगेशनच्या कारखान्यात आज पांढरा कांदा चिरून, सुकवून परदेशी रवाना होतो. तो उद्योग उभा करणारे भवरलाल जैन पहूरजवळच्या वाकोदचे. ज्या मुलखात घरोघरी सुकवणं चालायचं तिथंच ते मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं, याचं आम्हाला नवल वाटत नाही. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये खान्देशी माणसांच्या वस्त्या आहेत, तिथं उन्हाळ्यात बिबड्यांना मोठी मागणी असते. पुण्यात, नाशकात आमच्यासारख्यांच्या घरी मे महिन्यात गावाकडून खोकी येतात, पण ती आता नात्यातून कमी आणि बचत गटांकडून जास्त. गटातल्या बायका पहाटे चारलाच उठतात. ज्वारी तीन दिवसच भिजते. हाटायला काही ठिकाणी मोटारीचं यंत्र आलं आहे, थापायला प्लास्टिकचा कागद. चव थोडी बदलली असं आमच्यातल्या जुन्या लोकांचं म्हणणं, मला ते तितकंसं जाणवत नाही.

या गटांची हिशेबाची वही एकदा पाहण्यासारखी असते. ज्वारी, लसूण, तीळ, गिरणी, गॅस, खोकी, एसटीचं पार्सल असे रकाने त्यात असतात आणि त्यांच्या खाली मजुरीचा रकाना असतो. दर बाई, दर दिवस. आमच्या आयांच्या हिशेबात तो रकाना कधीच नव्हता. किलोचा भाव ठरवताना गटातल्या बायका आधी तो भरतात आणि मग नफा धरतात. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की त्या तिळाचा आणि खोक्याचा खर्च कमी करायची तयारी दाखवतात, मजुरीचा आकडा हलवत नाहीत.